मनगटातून अँजिओप्लास्टी झाल्यावर टोचलेल्या जागी त्रास होईल का, हे आधी सांगता येतं का?

बऱ्याच अंशी येतं, पण खात्रीने नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धमनी आणि नळीचं माप. धमनीत घालायच्या नळीला शीथ म्हणतात, आणि तिचं माप ‘फ्रेंच’ या एककात देतात. नेहमीच्या ६ फ्रेंच शीथची बाहेरची जाडी सुमारे अडीच मिमी असते; धमनी त्याहून बारीक असेल तर ती आकसते, आतून खरचटते आणि नंतर बंद पडू शकते. म्हणून स्त्रिया, कमी वजनाची माणसं, मधुमेही आणि त्याच हातातून आधी प्रोसिजर झालेले रुग्ण यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. वारंवार टोचावं लागलं किंवा रक्त पातळ करणारी औषधं जोरात चालू असली, तर त्वचेखाली रक्त साठून सूज येण्याची शक्यता वाढते.

माझ्या मते आधीच्या यादीपेक्षा नंतर रक्त थांबवायला मनगटावर बांधलेला पट्टा जास्त ठरवतो. तो करकचून, तासन्‌तास बांधला तर धमनी बंद पडते. रक्त थांबेल पण धमनीतला प्रवाह चालू राहील, इतकाच दाब हवा. धमनी बंद झाली तरी बहुतेकांना कळतही नाही, कारण दुसरी धमनी तळहाताला रक्त पुरवते. म्हणून घरी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना टोचलेली धमनी तपासायला आवर्जून सांगा.

सूज वाढत असेल, बोटं बधिर किंवा गार पडली, हात असह्य ठणकत असेल तर लगेच रुग्णालय गाठा. रक्त आलं तर आधी जागेवर घट्ट दाबून धरा.