कॅटलॉगमध्ये किंमत चुकीची छापली आहे आणि ऑर्डरी घेऊन झाल्या आहेत, आता काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की या महिन्याच्या कॅटलॉगमध्ये डब्यांचा सेट ३४९ ला छापलाय, कंपनीच्या ॲपवर तोच ५४९ ला दिसतो, तुम्ही अकरा जणींकडून ॲडव्हान्स घेऊन बसलात आणि तुमची लीडर, म्हणजे तुमच्या वरची विक्रेती, म्हणते, "फरक तू भर, गिऱ्हाईक तोडू नकोस." भरू नका. अकरा सेटचे २२०० रुपये झाले. एवढे पैसे या महिन्यात तुमच्या हातात तरी राहणार आहेत का?

मी सोलापुरात विडी घरकुल भागात नऊ वर्षं हेच काम करते, कंपनीचा कॅटलॉग घरोघरी दाखवून ऑर्डरी घ्यायचं, म्हणजे थेट विक्रीचं. पहिल्यांदा अशी चूक झाली तेव्हा मीही गपचूप पदरचे पैसे घातले. पुढच्या महिन्यात बायका त्याच भावाने मागायला लागल्या, "मागच्या वेळी दिलात की!" छापणाऱ्याची चूक माझा भाव होऊन बसली. दोन महिने लागले ते निस्तरायला.

आधी दुसऱ्या कुणाच्या प्रतीत तेच पान बघा. सगळ्या प्रतींत ३४९ असेल तर चूक मूळ मजकुरातच आहे, म्हणजे सरळ कंपनीकडे. फक्त तुमच्याच प्रतीत पानं गायब किंवा दोनदा लागली असतील तर ती बांधणीची चूक. छापखान्यात आठ किंवा सोळा पानांचा एक फर्मा असतो, तो चुकला की पानं अशी गठ्ठ्यानेच जातात. तेव्हा प्रत बदलून मागायची, विषय संपला. जमलं तर त्याच सेटच्या खोक्यावरची एमआरपीही बघून घ्या. खोक्यावर ५४९ पेक्षा कमी असेल तर ॲप काहीही म्हणो, छापील एमआरपीच्या वर कुणालाच पैसे घेता येत नाहीत.

मग कंपनीला ईमेल करा, फोनवर विसंबू नका. चुकीच्या पानाचा फोटो, महिना दिसेल असा मुखपृष्ठाचा फोटो, ॲपचा स्क्रीनशॉट आणि अकरा ऑर्डरींच्या तारखा जोडा. ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ प्रमाणे कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. ग्राहकाच्या तक्रारीची पोच कामकाजाच्या ४८ तासांत द्यायची आणि साधारण महिन्याभरात ती निकाली काढायची. हे बंधन ग्राहकाच्या तक्रारीचं आहे, म्हणून अकरापैकी एकीच्या नावानेही तक्रार जाऊ द्या. विक्रेत्यामार्फत झालेल्या विक्रीच्या तक्रारींना कंपनी जबाबदार असते, हेही त्याच नियमांत आहे. कंपनी शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवेल, "किमती बदलू शकतात." कॅटलॉगमधला भाव हे कायद्याने नुसतं ऑर्डर द्यायचं आमंत्रण असतं, पक्का सौदा नव्हे, हे खरं. पण ऑर्डर घेऊन, रक्कम लिहून पावती दिली की गोष्ट पुढे गेलेली असते. माझ्या मते त्या अकरांचा बोजा कंपनीनेच उचलायला हवा, आणि तसं स्पष्ट शब्दांत मागा. ऐकलं नाही तर गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करू शकतं.

आता गिऱ्हाइकांचं, कारण खरी कसोटी तिथेच आहे. दुसऱ्यांदा चूक झाली तेव्हा मी सगळ्या प्रतींत पेनाने किंमत खोडून खरी लिहिली आणि वाटल्या. आमच्या गल्लीतली एक अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तंबाखूचा हात पदराला पुसून तिने पान उघडलं, माझ्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पेनानं काय, कुणीबी लिहितंय की ओ." मला फार लागलं ते. पण तिचं बरोबर होतं. आठवड्याच्या मजुरीतून शंभर-शंभर बाजूला काढणारी बाई माझ्या अक्षरावर का विश्वास ठेवेल?

तेव्हापासून कंपनीकडून दुरुस्ती लेखी मागवते, झेरॉक्सवाल्याकडे तिच्या बारीक पट्ट्या कापून घेते आणि जुन्या किमतीच्या शेजारी चिकटवते. जुनी किंमत झाकत नाही. जुना आकडा दिसला नाही की संशय वाढतो. ज्यांनी पैसे दिलेत त्यांच्याकडे स्वतः जाते, निरोप पाठवत नाही. "पुस्तकात चुकून छापलंय, कंपनीला कळवलंय, उत्तर येईपर्यंत थांबता का पैसे परत देऊ?" एवढंच विचारायचं. पैसे मागितले तर तिथल्या तिथे मोजून द्यायचे. त्या दिवशी अक्काचे शंभर मी तसेच तिच्या हातावर ठेवले.

रंगाची चूक मात्र पट्टीने सुटत नाही. छपाईत चार शाई एकावर एक बसतात. एखादी जास्त पडली की मरून लिपस्टिक चॉकलेटी दिसते. मी शेडच्या ऑर्डरी नमुना दाखवल्याशिवाय घेतच नाही, तोही दारात, उजेडात.

आणि प्रत्येक जुना भाव म्हणजे छपाईची चूक नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला तेव्हा आधीच छापून आलेल्या पुस्तकांतले भाव जास्त दिसत होते. तिथे भांडण्यापेक्षा नवी यादी मागवणं बरं.

तुम्ही आज फक्त ईमेल करा आणि अकराजणींची घरं उद्या सकाळी फिरून घ्या, लीडरशी वाद नंतर. ईमेलचा मसुदा हवा असेल तर खाली सांगा, माझा आहे तो टाकते.