माळ्यावरची भातुकली, बंब आणि तसबिरी: मोडीत घालण्याआधी

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा समजलो आहे. वाईचा वाडा पुनर्विकासाला जाणार आहे. माळा रिकामा करताना पितळी भातुकली, तांब्याचा बंब, घंगाळे, रविवर्मा छापखान्याच्या दोन तसबिरी, चावीची पत्र्याची मोटार, सेल्युलॉइडची बाहुली, ७८ गतीच्या ग्रामोफोन तबकड्या, जुना रेडिओ आणि राणीछाप रुपये निघाले आहेत. मोडवाल्याने धातूच्या वस्तूंना किलोचा भाव सांगितला आहे, अमेरिकेतील धाकट्या बंधूंना काही वस्तू सोबत न्यायच्या आहेत, आणि विकण्यापूर्वी सर्व वस्तूंना पॉलिश करून घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

सर्वप्रथम पॉलिशचे काम थांबवावे आणि मोडवाल्याला तूर्तास नकार द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोडीचा भाव हा त्या वस्तूला मिळू शकणारा सर्वांत कमी भाव असतो आणि तो सहा महिन्यांनीही मिळतो. मात्र एकदा भट्टीत गेलेली वस्तू कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. संग्राहक धातूचे पैसे देत नाही. वस्तू मूळ अवस्थेत आहे, तिचा संच पुरा आहे आणि ती कोणाची, कधीची हे सांगता येते, याचे तो पैसे देतो. या तिन्ही गोष्टी आज आपल्या हाती आहेत आणि घाईघाईने केलेल्या आवराआवरीत नेमक्या त्याच नष्ट होतात.

आपल्या यादीत मला सर्वांत मोलाची वाटते ती भातुकली, जिचा उल्लेख आपण एका शब्दात उरकला आहे. पितळी भातुकली पुण्याच्या तुळशीबागेत आजही भरपूर मिळते, म्हणून जुनीलाही कोणी विचारत नाही, असा समज आहे. तो बरोबर नाही. आजची बहुतेक भातुकली पातळ पत्र्याची, यंत्रावर दाबून किंवा फिरवून काढलेली असते आणि तिच्यावर चकाकीचा थर दिलेला असतो. जुनी भातुकली कासार आणि तांबट मोठ्या भांड्यांच्याच पद्धतीने घडवत असत, त्यामुळे ती हातात घेताच वजन जाणवते. त्यातले जाते खुंट्याभोवती खरोखर फिरते, डब्याचे झाकण घट्ट बसते, बंबाच्या मधल्या नळीतून आरपार दिसते आणि शेगडीच्या जाळीची भोके एकसारखी नसतात, कारण ती एकेक करून पाडलेली असतात. भिंग घेऊन झीज कुठे आहे ते पाहावे. मुलांच्या हातांनी झालेली झीज मुठीवर, काठावर आणि बुडाला असते. खोलगट भाग मात्र काळसर राहतो. याउलट आम्ल लावून मुद्दाम जुनी केलेली वस्तू सगळीकडे सारखीच काळी दिसते.

भातुकलीची किंमत संचात असते. चूल, तवा, पोळपाट, लाटणे, खलबत्ता, रोवळी, चिमटा, सांडशी, पाण्याचे पिंप असे सगळे एकाच घरातले, एकाच घडणीचे असेल, तर त्याला जे मोल येते ते सुट्या नगांच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक असते. म्हणून माळ्याच्या कोपऱ्यांत, जुन्या पेट्यांच्या तळाशी, फडताळामागे हरवलेले नग नीट शोधावेत. ज्या डब्यात किंवा पिशवीत भातुकली ठेवलेली होती तीही टाकू नये, कारण घरी शिवलेली चिंध्यांची पिशवीसुद्धा त्या संचाचाच भाग आहे. बहिणींमध्ये आठवण म्हणून वाटणी करायची असेल, तर संच न फोडता दुसऱ्या वस्तूंची वाटणी करावी, असे मी सुचवेन.

बंब आणि घंगाळे यांचे परीक्षण सांध्यापासून सुरू करावे. जुन्या तांब्याच्या भांड्यात पत्र्याच्या दोन कडा दातऱ्यांसारख्या एकमेकींत गुंतवून डाख दिलेला, म्हणजे वितळवलेल्या धातूने सांधा जोडलेला असतो, आणि तांब्याच्या लालसर रंगात त्या डाखाची पिवळी नागमोडी रेघ स्पष्ट दिसते. घंगाळ्याच्या अंगावर हातोडीने घातलेले मठार असेल, तर ठोके किंचित कमीअधिक असतात. पुण्याच्या तांबट आळीत हे काम आजही हाताने होते. एकदा तिथे जाऊन पाहिले की यंत्राचे ठसे आणि हाताचे ठोके यांतला फरक पुन्हा शिकावा लागत नाही.

त्यानंतर काठाखाली आणि बुडावर घातलेली नावे वाचावीत. आपल्याकडे भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, प्रसंग, तिथी आणि शके ठिपक्यांनी कोरण्याची रीत होती. 'शके १८४७' असे आढळले तर त्यात ७८ मिळवावेत, म्हणजे इसवी सन १९२५ येते. जानेवारीपासून चैत्र पाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९ मिळवावेत. असे कोरलेले भांडे स्वतःच स्वतःचा दाखला असते. पॉलिशच्या यंत्राखाली पहिल्यांदा हेच ठिपके पुसले जातात आणि काठांची धार जाते, म्हणून माझा विरोध आहे. आजी समया आणि तांबे चिंचेने घासत होत्या, त्याने काही बिघडलेले नाही. रोजच्या वापरातली ती झळाळी वस्तूच्या आयुष्याचाच भाग आहे. आत्ता कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, एवढे पुरे. आत जुनी कल्हई असेल तर तीही खरवडू नये.

रविवर्मा छापखान्याच्या तसबिरींबाबत थोडी सावधगिरी हवी. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकल्यानंतरही अनेक दशके चालू राहिला. त्यामुळे त्याची सर्वच चित्रे एका काळातली किंवा एका तोलाची नसतात. मूळ शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरत, म्हणून भिंगाखाली रंगाचे कण अनियमित, वाळूसारखे दिसतात. नंतरच्या ऑफसेट पुनर्मुद्रणात नेमक्या रांगांत बसवलेले ठिपके दिसतात. चित्राखालच्या कोऱ्या पट्टीवर छापखान्याचे नाव शाबूत असेल तर ते फार मोलाचे, कारण चौकटीत बसवताना ही पट्टी सर्रास कापली जात असे. चित्रावर जरीचे किंवा टिकल्यांचे काम असेल तर ते सैल झाले तरी डिंकाने चिकटवू नये. काच आतून चित्राला चिकटलेली वाटली तर चौकट घरी अजिबात उघडू नये. कागदाचे जतन करणाऱ्या जाणकाराकडेच ते काम द्यावे.

चावीच्या मोटारीचे बूड पाहावे. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असे छापलेले असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असतानाची, म्हणजे १९५२ पूर्वीची ठरते. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ नंतरची. गंज आहे म्हणून पुन्हा रंगवू नये, आणि जाम झालेली चावी जोर लावून फिरवू नये. मूळ खोका सापडला तर किंमत लक्षणीय वाढते. सेल्युलॉइडची बाहुली मात्र आजच वेगळी काढावी. हा पदार्थ झटकन पेट घेतो आणि जुना होताना त्यातून आम्लधर्मी वाफ सुटते, जी शेजारच्या पत्र्याच्या आणि पितळेच्या वस्तू गंजवते. बाहुली हवा खेळत्या, थंड जागी, कागदात सैलसर गुंडाळून ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नये.

तबकड्या लाखेच्या असल्याने स्पिरिटने पुसल्यास विरघळतात. त्या उभ्या ठेवाव्यात. गाजलेल्या चित्रपटगीतांच्या प्रती विपुल आहेत, त्यांना विशेष भाव येत नाही. एकाच बाजूला ध्वनिमुद्रण असलेली, दुसरी बाजू कोरी असलेली तबकडी निघाली तर ती फार सुरुवातीच्या काळातली असण्याची शक्यता आहे. तिच्या मधल्या चिठ्ठीचे आणि तिच्याजवळ उमटवलेल्या क्रमांकाचे छायाचित्र घेऊन जाणकाराला दाखवावे. रेडिओ 'चालतो का' हे पाहण्यासाठी थेट विजेला जोडू नये, आतले जुने कपॅसिटर फुटू शकतात. त्याच्यासोबत पोस्टातून काढलेला रेडिओ परवाना असेल तर तो जपून ठेवावा. राणीछाप रुपयांपैकी १८६२ सालचा रुपया दुर्मीळ असतो अशी समजूत आहे, परंतु तेच साल पुढे कित्येक वर्षे छापले गेल्याने तो सर्वांत सहज मिळणारा आहे. जुन्या नाण्यांना आणि नोटांना लाखो रुपये देण्याच्या जाहिराती करून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून दूर राहावे. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता.

बंधूंच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार १०० वर्षे पुरी झालेली पुरातन वस्तू आणि ७५ वर्षांवरील महत्त्वाची हस्तलिखिते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरातन नसल्याचे प्रमाणपत्र आधी घ्यावे, विमानतळावर वाद घालण्यात अर्थ नाही. देवघरातल्या धातूच्या मूर्ती १०० वर्षांपेक्षा जुन्या असतील तर त्यांची नोंदणी करणे बंधनकारक आहे. हस्तिदंताची फणी किंवा करंडा निघाला तर तो विकण्याचा विचारच करू नये, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या व्यापाराला बंदी आहे.

विक्रीपूर्वी प्रत्येक वस्तूचे जिथे सापडली तिथेच छायाचित्र घ्यावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना समोर बसवून ती कोणाच्या लग्नातली, कोणत्या गावाहून आणलेली, कोण खेळत असे, हे वहीत उतरवून घ्यावे. ही माहिती त्यांच्यानंतर कोणीही देऊ शकणार नाही. मग पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय सवडीने पाहावे. अडकित्ते, दिवे, दौती यांसारख्या रोजच्या वस्तूंकडे तिथे ज्या नजरेने पाहिले आहे, ती नजर घेऊन माळ्यावर परत गेलात तर आपली यादी वाढेल, याची मला खात्री आहे. भाव काढताना निदान तीन वेगवेगळ्या जाणकारांकडून, एकमेकांचा आकडा न सांगता, लेखी अंदाज घ्यावा. जो 'सगळा माल एकगठ्ठा देऊन टाका' असा आग्रह धरतो, त्याला गठ्ठ्यातली कोणती वस्तू हवी आहे हे आधी ओळखावे, आणि नेमकी तीच बाजूला काढून ठेवावी.