जुन्या मोवरचे ‘6.5 एचपी’ खरे होते का?

तुमचा प्रश्न असा: न्यू जर्सीतल्या घरासोबत मिळालेल्या जुन्या लॉन मोवरवर (गवत कापायच्या यंत्रावर) ‘6.5 एचपी’ असं स्टिकर आहे, नवा बघायला गेलात तर खोक्यावर फक्त सीसी आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर). मग नवी इंजिनं कमजोर असतात का?

नाही. तुमच्या जुन्या मोवरनेही साडेसहा एचपी कधी दिले नसणार.

गावाकडे ‘पाचाची मोटार’ म्हटली की ती शाफ्टवर पाच एचपी देणार, असा आपला हिशोब असतो. त्यामुळे एचपीच्या आकड्यावर आपला चटकन विश्वास बसतो. मोवरच्या इंजिनाचा आकडा मात्र ‘ग्रॉस’ असायचा: एअर फिल्टर, सायलेन्सर यांचा अडथळा न धरता मोजलेला, आणि तोही साधारण 3600 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 3600 फेऱ्यांना. पण अमेरिकेतल्या सुरक्षा मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला 19,000 फुटांच्या आत ठेवावा लागतो. 21 इंची पातं त्यामुळे 3450 च्या वर फिरवताच येत नाही, आणि बहुतेक मोवर 3000 च्या आसपास लावलेले असतात. म्हणजे ज्या वेगाला एचपी मोजले, तो वेग तुमच्या हिरवळीवर कधी येतच नाही.

हिशोब घरीच करता येतो. फूट-पाउंडातला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले 5252. टॉर्क 6.75 असेल आणि इंजिन 3000 ला फिरत असेल, तर येतात सुमारे 3.9 एचपी. हा टॉर्कही ग्रॉसच असतो, म्हणजे पात्यापर्यंत त्याहून थोडं कमीच पोचतं.

मला हे कळलं ते पैसे गेल्यावर. 2007 मध्ये दुकानात दोन मोवर शेजारी शेजारी होते, दोन्ही 190 सीसी, एकावर सव्वासहा एचपी, दुसऱ्यावर पावणेसात. मी चाळीस डॉलर जास्त देऊन पावणेसातवाला आणला. शेजाऱ्याने दुसरा घेतला होता. दोन वर्षांनी त्याचा सुरू होईना, म्हणून आम्ही गॅरेजमध्ये जुन्या वर्तमानपत्रावर दोन्ही कार्ब्युरेटर उघडून ठेवले. जेटवरचा (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावरचा) नंबर तोच, वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग तीच. फरक सापडला तो फक्त वरच्या स्टिकरमध्ये. मला त्या दिवशी फार राग आला होता, आणि तो रास्त होता असं मला आजही वाटतं.

असे चिडलेले ग्राहक खूप होते. 2004 पासून इंजिन आणि मोवर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर दावे सुरू झाले. आकडे फुगवलेत आणि एकच इंजिन वेगवेगळ्या एचपीच्या नावाने विकलंय, अशी तक्रार होती. पुढे देशभरचे दावे मिलवॉकीच्या फेडरल कोर्टात एकत्र झाले आणि 2010 मध्ये तडजोड झाली. कंपन्यांनी चूक कबूल केली नाही, पण मिळून साडेसहा कोटी डॉलर मोजायचं ठरलं: ढकलायच्या मोवरला 35 डॉलरपर्यंत, बसून चालवायच्या मोवरला 75 पर्यंत, शिवाय वॉरंटी एक वर्ष वाढवून. ते पैसे मागायची मुदत कधीच संपली, तेव्हा त्यामागे लागू नका. पण ढकलायच्या मोवरवर एचपीऐवजी सीसी आणि टॉर्क दिसायला लागले ते याच सुमारास. माझ्या मते हे चांगलंच झालं. सीसी म्हणजे सिलिंडरचं माप, ते फुगवता येत नाही.

पाव एकराच्या सपाट हिरवळीला 150–160 सीसी पुरे. चढ असेल, किंवा मे महिन्यातलं ओलं, दाट गवत पिशवीत भरायचं असेल, तर 190 च्या आसपासचं बघा. दोन मोवर सारख्याच सीसीचे असतील तर टॉर्कच्या थोड्याशा फरकासाठी जास्त पैसे देऊ नका, त्यापेक्षा डेक (पात्यावरचं आवरण) आणि चाकं नीट पाहा.

आणि जुना टाकायच्या आधी स्पार्क प्लगची वायर काढा, कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवून मोवर कलता करा आणि पात्याच्या धारेवरून नजर फिरवा. गवत कापलं न जाता फाटत असेल, टोकं पांढरट दिसत असतील, तर इंजिनाचा दोष नाही. पातं बोथट झालंय. आधी धार लावून एकदा चालवून बघा.