विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून काम करताना तुम्ही स्वतः कसे बदललात, आणि शिक्षणातली विषमता तुम्हाला जवळून कुठे दिसली?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सर वर्ग प्रतिनिधी हो म्हणतात, घरचे म्हणतात या भानगडीत पडू नको, आणि यातून माणूस खरंच घडतो का हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. मी २०२१ ते २०२४ पुण्यातल्या एका कॉलेजात बीएस्सी केलं, त्यातली दोन वर्षं विद्यार्थी प्रतिनिधी होतो. निवडणूक लढवून नाही, नेमणुकीने. आपल्याकडे कॉलेजातल्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद परत आली, पण माझ्या काळात आमच्या कॉलेजात मतदान काही झालं नाही. मार्क बरे होते आणि भाषण करता यायचं, तेवढ्यावर माझं नाव गेलं.

आधी मी कुठून आलो ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या आसपास टोळी निघते आणि उन्हाळा लागला की परत येते. नवरा-बायको मिळून एक कोयता, असं धरतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले असतात, त्यामुळे निघावंच लागतं. लेकरं बहुतेक वेळा सोबत जातात आणि उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. मी गेलो नाही, कारण गावात आजी होती. ती भाकरी करून घालायची आणि मी शाळेत जायचो. शाळेत हंगामी वसतिगृह होतं, म्हणजे मागे राहिलेल्या पोरांसाठी जेवणाची सोय. दहावीच्या वर्षी, २०१८-१९ ला, दुष्काळ जाहीर झाला आणि परीक्षेची फी माफ झाली. बारावीला कोरोना आला. मोबाइलला रेंज यायची ती टेकडीवरच्या देवळापाशी. २०२१ ची बारावीची परीक्षा रद्द झाली आणि मूल्यमापनाचे मार्क घेऊन मी पुण्यात आलो.

पुण्यात कॉट बेसिसवर जागा मिळाली, मेस लावली. पहिलं वर्ष मनात एकच गोष्ट होती, की मी कष्टाने वर आलोय. वर्गात इंग्रजीतून शिकवायचे, मला निम्मं कळायचं नाही, तरी मी तग धरला. भाषणांतही हेच सांगायचो: मी करू शकतो तर कुणीही करू शकतो. टाळ्या मिळायच्या. आज ते वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं तरी मला त्रास होतो. का होतो, ते सांगतो.

दुसऱ्या वर्षीची, डिसेंबरातली गोष्ट. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत त्या रात्री संपणार होती. धारूर तालुक्यातला माझा एक वर्गमित्र महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, अडकून बसला होता. आधारची पडताळणी ओटीपीशिवाय होत नव्हती, आणि त्याच्या आधारला नंबर जोडलेला होता वडिलांचा. लहानपणी कार्ड काढताना घरात तो एकच फोन होता. वडील कोल्हापूरकडे फडात. दुपारपासून फोन बंद. संध्याकाळी साडेसातला लागला.

मी शेजारी बसून लॅपटॉपवर ओटीपी पाठवत होतो. मित्राच्या वडिलांना, आबांना, मेसेज वाचता येत नव्हता. ते म्हणाले, थांब, पोरीला देतो. मित्राची धाकटी बहीण फोनवर आली, नऊ-दहा वर्षांची असेल. तिने आकडे वाचायला सुरुवात केली: चार, शून्य, शून्य, सात, मग अडली. "दादा, ह्यो नऊ हाय का सहा, कळंना." इंग्रजी आकडा होता. मित्राने विचारलं, गोल वर आहे का खाली? तिने सांगितलं, आम्ही टाकला, चुकला. पुन्हा पाठवला. तोवर फोन कट झाला. तिसऱ्या वेळी जमलं आणि अर्ज गेला. पोरगी ओरडली, "झालं का दादा?" मागे कुणीतरी हसलं, बहुतेक आई असावी.

आम्ही खाली जाऊन चहा घेतला. मी खुशीत होतो. रात्री कॉटवर पडल्यावर डोक्यात आलं की आज शुक्रवार. शाळेचा दिवस. भावाच्या शिष्यवृत्तीचे आकडे वाचणारी ती पोरगी दिवाळीपासून शाळेत गेलेली नव्हती. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक लेकराला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, म्हणजे तिच्या जन्माआधीपासून. गावातल्या शाळेच्या पटावर तिचं नाव नक्की असणार.

आणि मग मला माझी ताई आठवली. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, माझे पाढे तिनेच पाठ करून घेतले. सातवीनंतर ती टोळीबरोबर गेली, कारण धाकटा भाऊ अगदी लहान होता आणि आईवडील फडात असताना कोपीत त्याच्याजवळ कुणीतरी लागायचं. आजीला एकच नातवंड झेपणार होतं आणि ते मी होतो. तोवर मी हे कधी मनात असं मांडलंच नव्हतं. माझ्या कष्टांबद्दल मी खोटं बोलत नव्हतो, पण ताईचे कष्ट माझ्या हिशेबात नव्हतेच. त्या रात्रीनंतर "मी करू शकतो तर" हे वाक्य मी पुन्हा कुठल्या भाषणात बोललो नाही.

तुम्ही विचारलेल्या बदलाची सुरुवात इथून झाली असं मी म्हणेन. पण बदल सरळ रेषेत होत नाही, आणि माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक यानंतर झाली.

कॉलेजात नंदुरबारच्या धडगावकडची एक मुलगी प्रथम वर्षाला आली होती. घरात पावरी ही आदिवासी भाषा बोलणारी, आश्रमशाळेत शिकलेली. म्हणजे ज्या मराठीला मी माझी अडचण समजत होतो, ती मराठीसुद्धा तिने शाळेत जाऊन शिकलेली. ती आदिवासी विभागाच्या वसतिगृहात राहायची. २०१८ पासून शहरांतल्या अशा वसतिगृहांत मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचं सुरू झालं. त्याविरुद्ध त्याच वर्षी जुलैत मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती, ती का, हे मला हिच्याकडून कळलं. पैसे उशिरा आले की जेवणही उशिरा. पहिल्या दोन महिन्यांत तिने बरेच दिवस एक वेळ वडापाववर काढली होती. हे तिने मला कॅन्टीनमागच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं, अर्ज लिहून हवा होता म्हणून.

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम होता. मी बोलायला उभा राहिलो आणि तिची गोष्ट सांगून टाकली. नाव घेतलं नाही, पण धडगाव म्हटलं, वर्ग म्हटला. त्या वर्गात धडगावची एकच मुलगी होती. ती चौथ्या रांगेत बसली होती. सभागृह गप्प झालं, मग टाळ्या. प्राचार्यांनी पाठ थोपटली.

दोन दिवसांनी ती भेटली. आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, "दादा, मी तुम्हाला अर्जासाठी सांगितलं होतं. आता मुली मला डब्यातलं वाढायला लागल्यात. मला ते नको होतं." मी माफी मागितली. ती बरं म्हणाली आणि पुढे महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

मी तिची भूक भाषणासाठी वापरली होती, याला दुसरा शब्द नाही. आणि मला वाटत होतं मी तिच्यासाठी लढतोय. नेतृत्व करणाऱ्या बऱ्याच जणांकडून हे होतं, चांगल्या हेतूने होतं, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. त्यानंतर मी एक नियम केला: कुणाचाही अनुभव बाहेर सांगायचा तर आधी त्यालाच विचारायचं, आणि शक्य असेल तर त्यालाच बोलू द्यायचं. मराठी अडखळत आली तरी चालेल.

आता विषमतेबद्दल. बोलताना सगळे फीवर येतात. फीसाठी योजना आहेत आणि त्या महत्त्वाच्या आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. अनुसूचित जातीच्या मुलांना वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. हे सगळं लढून मिळालेलं आहे आणि ते टिकलं पाहिजे. पण योजना आणि पोरगं यांच्यामध्ये एक लांब रस्ता आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आणायचा, तो ३१ मार्चपर्यंतच चालतो. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो, आणि फॉर्म भरायच्या दिवसांत आईबाप दुसऱ्या जिल्ह्यात, नाहीतर कर्नाटकात असतात. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्मवर दुसरं खातं लिहिलं तरी. आमच्या एका मुलाचे पैसे वर्षभर अशा खात्यात पडून होते, जे आपल्या नावावर आहे हेच त्याला माहीत नव्हतं. ज्याच्या घरात कुणी नोकरीत आहे त्याला हे जेवणाच्या ताटावर कळतं. बाकीच्यांना अर्ज सेंड बॅक, म्हणजे दुरुस्तीसाठी परत, झाल्यावर कळतं, आणि तोवर मुदत गेलेली असते.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगासमोर सांगितलं होतं की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पोरांवर होतो. ते निवेदन मी तिसऱ्या वर्षी वाचलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उघडली. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते १९१७ ला. आधी राहण्याजेवण्याची सोय आणि मग सक्ती, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्र मोडलं, तेही वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी. मी शिकलो त्याच्या मुळाशी आजीची भाकरी होती, त्यामुळे हे वाचताना मला ते पुस्तकातलं वाटलं नाही.

तिसऱ्या वर्षी मी भाषणं कमी केली आणि ऑफिसच्या बाहेर, जिन्याखाली, एक टेबल मागून घेतलं. जूनपासून आठवड्यातून दोन दिवस आम्ही पाच-सहा जण तिथे बसायचो. नवीन पोरांचे दाखले तपासायचे, आधारला स्वतःचा नंबर जोडायला पाठवायचं, कुठलं खातं जोडलंय ते बँकेत जाऊन बघायला लावायचं. सुरुवातीला मी सगळं स्वतः भरून द्यायचो. मग क्लार्कबाईंनी सांगितलं, "अरे, तू गेल्यावर कोण भरणार? त्यांच्याच हाताने भरू दे." वेळ तिप्पट लागायला लागला. पण पुढच्या महिन्यात तीच पोरं दुसऱ्यांना दाखवायला बसली.

ऑगस्टमध्ये धडगावची ती मुलगी आपणहून टेबलावर येऊन बसली. तिच्या भागातल्या आणखी दोन मुली आल्या होत्या, त्यांच्या घरी फोन लावून ती पावरीत समजावत होती. कुठला कागद, कुणाकडून, कधीपर्यंत. माझ्याशी ती पहिल्यासारखं बोलत नव्हती आणि तशी अपेक्षाही मी ठेवली नव्हती. आम्ही एक वही ठेवली होती, जो अडेल त्याने आपली अडचण आणि ती कशी सुटली ते लिहायचं. तिच्या अक्षरात एक पान आहे: "मेसचे पैसे उशिरा आले तर कुणाला भेटायचं." खाली तीन पायऱ्या आणि त्याखाली ओळ: "हे सांगायला लाजू नका, नाव कुणी विचारणार नाही."

घरच्यांच्या काळजीबद्दल सांगायचं तर माझे पाचव्या सेमिस्टरचे मार्क खरंच घसरले, ते मी लपवणार नाही. परीक्षेच्या आधीचा महिना टेबल दुसऱ्यांकडे सोपवायला मी उशिरा शिकलो. तुम्ही ते पहिल्या दिवसापासून ठरवून घ्या, म्हणजे घरच्यांनाही सांगता येईल.

ताईचं विचाराल तर तिने १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली, लग्नानंतर, पोरगं दीड वर्षाचं असताना. गणितात ७८ मिळाले. आता बारावीचा फॉर्म भरायचा म्हणते. या वेळी तिच्या आधारला तिचाच नंबर आहे.

तुम्ही प्रतिनिधी झालात तर पहिल्या आठवड्यात ऑफिसात जाऊन, मागच्या वर्षी तुमच्या वर्गातल्या किती जणांचे शिष्यवृत्तीचे अर्ज सेंड बॅक झाले आणि कशामुळे, एवढं विचारा. नावं मागू नका, कारणं मागा. वही अजून त्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे, ज्युनिअर लिहितात. कामाची वाटली तर कमेंटमध्ये सांगा, त्यांना विचारून पानांचे फोटो पाठवतो.