जपानी टेबल टेनिसपटू मिमा इतो हिची कारकीर्द इतकी महत्त्वाची का मानली जाते?

शिझुओका प्रांतातील इवाता येथे वाढलेल्या मिमा इतो हिने २०१५ मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी जर्मन ओपनमधील महिला एकेरीचे विजेतेपद पटकावले आणि पुढच्याच वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये सांघिक कांस्यपदक मिळवले. मात्र तिचे खरे वेगळेपण २०१८ च्या स्वीडिश ओपनमध्ये दिसले, कारण तिथे तिने लिऊ शीवेन, डिंग निंग आणि झू युलिंग या तीन चिनी दिग्गजांना ओळीने हरवले, आणि अंतिम सामना तर ४-० असा एकतर्फी जिंकला.

बॅटच्या बॅकहँडच्या बाजूला ती आखूड दाण्यांचे रबर, म्हणजे बाहेरून छोटे उंचवटे असलेले आवरण, वापरते. त्यामुळे चेंडूला अपेक्षित फिरकी मिळत नाही, तो सपाट आणि वेगाने येतो व प्रतिस्पर्ध्याचा अंदाज चुकतो.

टोकियो ऑलिम्पिकच्या मिश्र दुहेरीत तिने आपल्याच गावच्या जुन मिझुतानी याच्यासह सुवर्ण जिंकले. हे जपानचे टेबल टेनिसमधील पहिलेच ऑलिम्पिक सुवर्ण. माझ्या मते अंतिम सामन्यापेक्षाही जर्मन जोडीविरुद्धची उपांत्यपूर्व लढत अधिक थरारक होती, कारण निर्णायक गेममध्ये २-९ असे मागे पडल्यावर या दोघांनी सात मॅच पॉइंट वाचवले आणि १६-१४ अशी बाजी मारली. त्याच स्पर्धेत तिने एकेरीत कांस्य मिळवले, जे कोणत्याही जपानी महिलेचे एकेरीतील पहिले ऑलिम्पिक पदक होते, तसेच सांघिक रौप्यही पटकावले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी मात्र तिची संघात निवड झाली नाही.