२८ मिनिटांच्या पलीकडचा निएमिनेन

प्रश्न : ताई, माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. जिल्हा पातळीवर टेनिस खेळतो. शाळेच्या प्रश्नमंजूषेत त्याला विचारलं, सर्वांत कमी वेळात संपलेला एटीपी (म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेतला) सामना कुणी जिंकला? उत्तर होतं फिनलंडचा यार्को निएमिनेन, २८ मिनिटं. घरी येऊन त्याने शोधलं तर या खेळाडूच्या नावावर सगळ्या कारकिर्दीत एकेरीची दोनच विजेतेपदं! मुलगा म्हणाला, "बाबा, एवढी वर्षं खेळून दोनच? मग काय उपयोग?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्याल? (एक पालक, मिरज)

उत्तर : देते, आणि मनापासून देते. क्लबातल्या मुलांना मी ज्या खेळाडूंबद्दल पुनःपुन्हा सांगते, त्यांत निएमिनेन अगदी वरचा आहे.

आधी ती २८ मिनिटं संपवू. मार्च २०१४, मायामीची स्पर्धा, पहिली फेरी. समोर ऑस्ट्रेलियाचा बर्नार्ड टॉमिच, दोन्ही खुब्यांच्या शस्त्रक्रियेनंतर नुकताच परतलेला. निकाल ६-०, ६-१. तेरा गेम. त्यात बाजू बदलताना आणि दोन सेटच्या मध्ये बसायला नियमाने मिळणारा वेळच आठ मिनिटांच्या घरात जातो. म्हणजे दोघांनी तो पुरता वापरला असेल, तर प्रत्यक्ष खेळ वीसेक मिनिटांचा! याआधीचा विक्रम १९९६ चा, सिडनीतला : ग्रेग रुसेडस्कीने कार्स्टन आरियन्सला ६-०, ६-० असं २९ मिनिटांत हरवलं होतं. निएमिनेनने एक गेम देऊनही तो मोडला. पण समोरचा अजून सावरलेला नव्हता, हे विसरून चालणार नाही. या सामन्यावरून निएमिनेन कसा खेळायचा, ते काहीच कळत नाही.

ते कळायला २००५ च्या फ्रेंच ओपनची पहिली फेरी पाहायला हवी. समोर अमेरिकेचा दिग्गज आंद्रे आगासी. निएमिनेनने पहिला सेट ७-५ घेतला, पुढचे दोन गमावले. आगासीला कमरेतून पायात जाणाऱ्या नसेचं दुखणं छळत होतं, हे खरं. पण आगासीसारखा माणूस दोन सेट घेऊन पुढे असताना समोरच्याचा हात आखडतो. याचा आखडला नाही. चौथा सेट ६-१, पाचवा ६-०. आगासी त्यानंतर पॅरिसमध्ये पुन्हा खेळला नाही. डावखुरा, दोन हातांचा बॅकहँड, पायाने चपळ आणि प्रत्येक चेंडूला पोचणारा असा हा खेळाडू. एका फटक्यात गुण मिळवून देणारी तोफेसारखी सर्व्हिस त्याच्याकडे नव्हती. गुण कमवावा लागायचा, दर वेळी.

त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये तो उपांत्यपूर्व फेरीत पोचला. ग्रँड स्लॅम स्पर्धेत एकेरीत तिथवर गेलेला पहिला फिनिश खेळाडू. लेटन ह्युइटविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता, शेवटी पाच सेटमध्ये हरला. २००६ ला विम्बल्डन आणि २००८ ला ऑस्ट्रेलियन ओपन, दोन्हीकडे पुन्हा उपांत्यपूर्व फेरी, आणि दोन्हीकडे समोर नदाल. जुलै २००६ मध्ये त्याची जागतिक क्रमवारी १३ होती.

आता विजेतेपदं. जानेवारी २००६ मध्ये ऑकलंडला त्याने अंतिम सामन्यात मारियो आन्चिचला ६-२, ६-२ असं हरवलं. एटीपी एकेरीचं विजेतेपद फिनलंडला पहिल्यांदा मिळालं ते तेव्हा. दुसरं थेट २०१२ ला, सिडनीत. तिशी ओलांडलेली, थेट प्रवेशही नाही. पात्रता फेरी खेळून मुख्य स्पर्धेत आला आणि शेवटी जुलियन बेनेटोला नमवून चषक घेऊन गेला.

तुमच्या मुलाला यातला मधला हिशेब दाखवा. निएमिनेन एटीपी स्पर्धांचे १३ अंतिम सामने खेळला आणि ११ हरला. स्टॉकहोमला २००१, २००६, २०११ अशा तीन वेळा अंतिम फेरीत आला, तिन्ही वेळा हरला. फेडररला तर तो कधीच हरवू शकला नाही. टेनिसची स्पर्धा बाद पद्धतीची असते. ३२ जण उतरले तर ३१ जण हरूनच घरी जातात, आणि पुढच्या सोमवारी दुसऱ्या गावात पुन्हा पहिली फेरी. हे पंधरा वर्षं करत राहायचं, पहिल्या शंभरात टिकायचं, तेही अशा देशातून येऊन, जिथे हिवाळ्याचे कित्येक महिने छपराखालीच खेळावं लागतं आणि लहान पोरांना आइस हॉकीचं वेड असतं. तो तुर्कूजवळच्या मास्कू नावाच्या छोट्या गावचा. तिथून येऊन १९९९ मध्ये त्याने अमेरिकन ओपनची मुलांची स्पर्धा जिंकली होती. एवढं वाचल्यावर मुलाला विचारा, अकरा अंतिम सामने हरायला आधी किती सामने जिंकावे लागतात?

त्याने निवृत्ती घेतली ऑक्टोबर २०१५ मध्ये, पुन्हा स्टॉकहोमलाच. पुढच्या महिन्यात हेलसिंकीत त्याच्यासाठी निरोपाचा प्रदर्शनीय सामना झाला, आणि खेळायला आला स्वतः फेडरर. ज्याला आपण प्रत्येक वेळी हरवलं, त्याच्या निरोपाला हा माणूस दुसऱ्या देशात जातो. बरोबरीच्यांमध्ये निएमिनेनला काय मान होता, हे मला त्यातून दिसतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरून आलेल्या मुलाला घरच्यांनी पहिला प्रश्न "कितव्या नंबरवर आलास?" असा विचारला की मला वाईट वाटतं. तुम्ही तसं करत नसालच, नाहीतर हे पत्रच आलं नसतं. त्याला विचारा, मागे पडल्यावर काय खेळलास?

प्रश्न : निएमिनेननंतर फिनलंडमध्ये कुणी आहे का? भारतात खेळलेलं कुणी? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : तुमच्या अगदी शेजारीच खेळून गेलाय! फेब्रुवारी २०२२ मध्ये बालेवाडीत झालेल्या टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेच्या अंतिम फेरीत एमिल रुसुवुओरी होता. पोर्तुगालच्या जोआओ सौसाविरुद्ध पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला, तो ९-११ असा निसटला. दुसरा रुसुवुओरीने ६-४ घेतला, तिसरा १-६ गेला. दुहेरीत तर फिनलंडचे खेळाडू कधीचेच पुढे आहेत. हेन्री कॉन्टिनेन २०१७ मध्ये दुहेरीच्या क्रमवारीत अव्वल होता आणि हॅरी हेलिओव्हाराने २०२४ ला हेन्री पॅटनबरोबर विम्बल्डन जिंकलं, तेही अंतिम सामन्यात तीन मॅच पॉइंट (गमावला तर सामनाच हातचा जाईल असे गुण) वाचवून.

आणि निएमिनेन? तो डेव्हिस चषक या देशादेशांमधल्या सांघिक स्पर्धेसाठी फिनलंडच्या संघाचा कर्णधार झाला, कोर्टच्या कडेला खुर्चीत बसणारा. नोव्हेंबर २०२३ मध्ये मालागाला त्याच्या संघाने गतविजेत्या कॅनडाला २-१ असं हरवून उपांत्य फेरी गाठली. पहिली एकेरी हरले होते. ओट्टो विर्तानेनने दुसरी जिंकली, आणि मग तोच हेलिओव्हाराला घेऊन दुहेरीला उतरला. स्पेनमधलं ते मैदान फिनलंडहून आलेल्या प्रेक्षकांनी भरलं होतं.