ध्यानाला बसूनही दिवसभर चिडचिड होते, मग सजगता आणि करुणा रोजच्या जगण्यात आणायची कशी?

तुम्ही लिहिलंय की अमळनेरला राहता, शाळेत नोकरी आहे, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. पहाटे दहा मिनिटं ध्यान होतं, पण सात वाजेपर्यंत पहिला आवाज चढलेला असतो.

चूक ध्यानात नाही. पहाटे घर शांत असतं, तेव्हा चिडायला कारणच नसतं. चिडचिड होते ती हात कामात असताना, त्यामुळे सरावही तिथेच हवा. पाली या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत सजगतेला 'सति' म्हणतात, म्हणजे स्मृती, आठवण. लक्ष गेलं हे आठवणं आणि परत येणं, एवढंच काम. मन रिकामं करायच्या भानगडीत पडू नका.

सुरुवात भाकरीपासून करा, आणि तीही फक्त पहिल्या भाकरीपासून. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ गरम पाण्यात मळताना तळहाताच्या टाचेखाली ते खरखरीतचं मऊ होत जातं, तो बदल हाताला कळू द्या. थापताना लक्ष कडेवर ठेवा, कारण चीर तिथेच पडते. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं की ते पाणी सुकत येण्याकडे बघत राहा. लवकर उलटली तर चिकटते, उशीर झाला तर वरचा थर तडकतो आणि भाकरी फुगत नाही. लक्ष कुठे होतं ते भाकरीच सांगते. मध्येच शाळेची हजेरी डोक्यात आली तर मनात 'शाळा' एवढंच म्हणा आणि हाताकडे परत या. दुसऱ्या भाकरीपासून खुशाल रेडिओ लावा. सगळ्या भाकऱ्या सजगतेने करायचं ठरवलं की तिसऱ्या दिवशी सगळंच सुटतं.

आता सासूबाईंची पाचवी हाक. राग शब्दांत यायच्या आधी अंगात येतो: जबडा आवळतो, खांदे वर जातात, कान तापतात. तुमची खूण कोणती ते दोन-तीन दिवस नुसतं बघा. खूण दिसली की तीन श्वास घ्या, चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात. श्वास रोखायचा नाही आणि छाती भरभरून खोलही घ्यायचा नाही, चक्कर येते. राग गिळण्यासाठी हे श्वास वापरू नका. दात आवळून गोड बोललेलं म्हाताऱ्या माणसाला पहिलं कळतं. मनात 'चीड आली' म्हणा, आणि लगेच विचारा, यांना नेमकं काय हवंय?

माझ्या मते करुणा इथे सुरू होते, आणि ती फार साधी असते. म्हातारपणी तहान नीट जाणवत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. ग्लास हाताला पोचतो का, भरलेला उचलवतो का, की लघवीला उठवायला कुणी नसतं म्हणून त्या पाणीच टाळतात? हे एकदा पाहिलं तर पाचातल्या दोन हाका कमी होतील. त्या अचानक असंबद्ध बोलू लागल्या किंवा फार गुंगीत दिसल्या, तर स्वभाव म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मैत्रीभावना, म्हणजे एकेका माणसाचं मनातून भलं चिंतण्याचं ध्यान, करायची तर क्रम पाळा. बौद्ध परंपरेत आधी स्वतः, मग आदराचं माणूस, मग ना आवडतं ना नावडतं असं कुणी, आणि शेवटी अवघड माणूस. बहुतेक जण उत्साहात थेट अवघड माणसापासून सुरू करतात आणि जुन्या भांडणांची उजळणी करून उठतात. स्वतःपासून जमत नसेल तर ज्या आजीने लाड केले तिच्यापासून करा. पुस्तकी 'सर्व प्राणिमात्र' जिभेवरून घसरतं. घरी अहिराणी बोलत असाल तर 'माय, तुन्हं भलं होवो' म्हणा, ते आत पोचतं. एसटीची वाट बघताना शेजारी उभ्या अनोळखी बाईसाठी मनात दोन मिनिटं पुरे.

एक गल्लत मात्र टाळा. 'बिचाऱ्या' असं मनात आलं की ती कीव झाली. कीव वरून खाली बघते आणि लवकर थकते. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) यांच्याबरोबर उपेक्षाही सांगितली आहे, बौद्धांकडे आणि पतंजलींच्या सूत्रांतही. उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे. पाणी, औषध, कूस बदलणं तुमच्या हातात आहे, आजार नाही, हे ओळखून मन समतोल ठेवणं.

आणि सगळी सेवा एकट्याने ओढणं ही करुणा नव्हे. रविवारचे दोन तास नवऱ्याकडे किंवा नणंदेकडे द्या, औषधाच्या वेळेसारखे ठरवून. त्या वेळात स्वयंपाकघर आवरायला घेऊ नका.

पहाटेची दहा मिनिटं चालू ठेवा. उन्हाळ्यात गच्चीवर, ऊन चढायच्या आत बसा. डोळे मिटल्यावर घाबरायला होत असेल तर उघडे ठेवा, लक्ष तळपायांवर न्या, आणि तीन मिनिटांत उठा.